कॉलेबल बाँड: जोखीम आणि परताव्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेबल बाँड म्हणजे नेमकं काय?

ज्या रोख्याचे पैसे मुदत संपायच्या आधी परत करून टाकायचा हक्क जारी करणाऱ्याकडे असतो, तो कॉलेबल बाँड. मुदत दहा वर्षं लिहिलेली असते, पण तीन किंवा पाच वर्षांनी कंपनी म्हणू शकते, 'हे घ्या तुमचे पैसे, व्यवहार संपला.' तुम्हाला नाही म्हणता येत नाही.

गृहकर्ज घेतलं असेल तर हे लगेच कळेल. व्याजदर उतरले की कर्जदार काय करतो? दुसऱ्या बँकेकडून स्वस्तात कर्ज काढतो आणि जुनं फेडून टाकतो. इथेही तेच होतं. फरक इतकाच की या वेळी कर्जदार ती कंपनी आहे आणि महाग व्याजाचं कर्ज हातातून गेलं म्हणून हळहळणारी बँक म्हणजे तुम्ही.

मग याच्यावर व्याज जास्त का मिळतं?

कारण तुम्ही एक हक्क विकलेला असतो. याद्या आणि जाहिराती जास्त व्याज एखाद्या बक्षिसासारखं दाखवतात, पण ते मुदतपूर्व परतफेडीच्या हक्काचं भाडं आहे. भाडं पुरेसं आहे की नाही, एवढाच खरा प्रश्न.

एक हिशेब मांडू. एकाच कंपनीचे दहा वर्षांचे दोन रोखे आहेत. साधा रोखा ७.२५ टक्के देतो, कॉलेबल ८ टक्के. कॉलेबलमध्ये एक लाख घातले. साध्यापेक्षा दर वर्षी ७५० जास्त मिळाले, तीन वर्षांत २,२५०. तिसऱ्या वर्षाअखेरीस व्याजदर उतरून ५ टक्क्यांवर आलेले, कंपनीनं रोखा परत घेतला. आता ते लाख ५ टक्क्यांनी गुंतवावे लागतात, म्हणजे वर्षाला ५,०००. साधा रोखा घेतला असता तर ७,२५० येत राहिले असते. उरलेली सात वर्षं, दर वर्षी २,२५० कमी.

तीन वर्षांत मिळून जेवढं जास्त कमावलं, तेवढं नंतर दर वर्षी गमावलं. आकडे मी सोयीचे निवडले आहेत हे कबूल. दर न उतरता तर कॉलेबलवालाच पुढे राहिला असता. पण फायदा ७५०-७५०च्या हप्त्यानं येतो आणि फटका एकदम बसतो, हे या रोख्याचं खरं रूप आहे.

असे रोखे काढतं कोण?

बँका, मोठ्या कंपन्या, स्थानिक स्वराज्य संस्था, सरकारी पाठबळाच्या वित्तसंस्था. अमेरिकेत फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्था कॉलेबल रोखे मोठ्या प्रमाणावर काढतात आणि त्यामागचं कारण गमतीशीर आहे. त्यांच्याकडची गृहकर्जं लोक कधीही फेडू शकतात. तो पैसा अवेळी परत आला तर आपल्यालाही आपलं कर्ज अवेळी फेडता यावं, म्हणून ही सोय. तिथल्या नगरपालिकांच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांत दहा वर्षांनंतर कॉल, म्हणजे मुदतपूर्व परतफेड, ही जवळजवळ रीतच आहे. अमेरिकी सरकारचे तीस वर्षांचे रोखेही पूर्वी शेवटच्या पाच वर्षांत परत घेता येत; १९८४ नंतर त्यांनी तसे रोखे काढले नाहीत.

कॉल कधीही होऊ शकतो का?

अटींवर अवलंबून. सुरुवातीचा काही काळ बहुतेक वेळा सुरक्षित असतो, त्याला कॉल प्रोटेक्शन म्हणतात. बाजारात कुणी 'टेन एनसी फाइव्ह' म्हणालं तर समजायचं: मुदत दहा वर्षं, पहिली पाच वर्षं कॉल नाही. त्यानंतर तीन प्रकार. कॉल एकाच ठरलेल्या तारखेला होऊ शकत असेल तर युरोपियन. दर सहा महिन्यांनी किंवा वर्षानं ठरावीक तारखांना होत असेल तर बर्म्युडन. पहिल्या तारखेनंतर केव्हाही होत असेल तर अमेरिकन. या नावांचा भूगोलाशी काही संबंध नाही. जितक्या तारखा जास्त तितका जारी करणाऱ्याचा हक्क मोठा, म्हणून तुमचं भाडंही जास्त असायला हवं.

परत मिळणारी रक्कम म्हणजे कॉल प्राइस. ती दर्शनी मूल्याइतकी, म्हणजे रोख्यावर लिहिलेल्या रकमेइतकी, असते किंवा थोडी चढी. दर्शनी मूल्य १०० धरलं तर कधी पहिल्या वर्षी १०३, मग १०२, १०१, असं करत १०० वर येणारं वेळापत्रक असतं. हे वेळापत्रक माहितीपत्रकात मागच्या पानांत कुठेतरी असतं. मी रोखा वाचायला घेतो तेव्हा कूपनच्या, म्हणजे ठरलेल्या व्याजाच्याही आधी तेच पान काढतो.

एकाच रोख्याचे तीन वेगवेगळे परतावे दाखवतात. खरा कोणता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा निवांत बघू.

रोखा असा धरा: दर्शनी मूल्य १००, कूपन वर्षाला ८, दहा वर्षं बाकी, तीन वर्षांनी १०० ला कॉल होऊ शकतो. बाजारात भाव १०६.

पहिला आकडा करंट यील्ड: ८ भागिले १०६, म्हणजे ७.५५ टक्के. दिसायला सगळ्यात गोड आणि सगळ्यात कमी कामाचा, कारण १०६ देऊन शेवटी १०० च हातात येणार हे त्याच्या गावीही नसतं.

दुसरा यील्ड टू मॅच्युरिटी, म्हणजे रोखा पूर्ण दहा वर्षं चालला तर मिळणारा वार्षिक परतावा. तो इथे साधारण ७.१४ टक्के येतो. वरचे ६ दहा वर्षांत विभागून गेले.

तिसरा यील्ड टू कॉल. तीन वर्षांनी १०० ला परत गेला तर? तेच ६ आता तीनच वर्षांत भरून काढायचे आहेत, म्हणून परतावा सुमारे ५.७७ टक्क्यांवर येतो. याच रोख्याचा कॉल एका वर्षावर आला असता तर १०६ देऊन १०८ मिळाले असते. परतावा १.८९ टक्के.

स्प्रेडशीट उघडून स्वतः ताडून बघा. रेट नावाचं फंक्शन घ्या, त्यात क्रमानं ३, ८, उणे १०६ आणि १०० टाका, ५.७७ येईल. ३ च्या जागी १० टाकलं की ७.१४. एकदा स्वतःच्या हातानं केलं की पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही.

कॉलच्या जितक्या तारखा तितके यील्ड टू कॉल. ते सगळे आणि यील्ड टू मॅच्युरिटी यांतला सगळ्यात लहान आकडा म्हणजे यील्ड टू वर्स्ट. खरेदी ठरवताना मी हाच धरतो. नाव 'वर्स्ट' असलं तरी यात कंपनी बुडण्याची शक्यता धरलेली नसते. व्याज आणि मुद्दल वेळेवर आलं तरीही कमीत कमी किती, एवढंच तो सांगतो. शिवाय मधली कूपनं त्याच दरानं पुन्हा गुंतवली जातील हे गृहीतही त्यात असतंच.

मला १०.४३ टक्के 'यील्ड टू कॉल' सांगितलं गेलं. एवढं खरंच मिळेल?

भाव दर्शनी मूल्याच्या खाली आहे का, ते आधी विचारा. वरचाच रोखा ९४ ला मिळत असेल तर यील्ड टू मॅच्युरिटी येतं सुमारे ८.९३ आणि तीन वर्षांच्या कॉलचं १०.४३. गणित बरोबर आहे. फक्त भाव ९४ वर आहे याचाच अर्थ बाजार आज ८ पेक्षा जास्त व्याज मागतोय. अशा वेळी कंपनी ८ टक्क्यांचं स्वस्त कर्ज फेडून महाग कर्ज कशाला काढेल? हा कॉल होण्याची शक्यता कमी, म्हणून १०.४३ वर भरवसा ठेवू नये. इथे वर्स्ट म्हणजे ८.९३.

थोडक्यात, भाव कॉल प्राइसच्या वर असेल तर यील्ड टू कॉल बघा, खाली असेल तर यील्ड टू मॅच्युरिटी. विक्रेत्यानं दोन्हींतला मोठा आकडा पुढे केला तर त्यावरूनही काही कळतंच.

व्याजदर उतरले की रोख्याचे भाव चढतात ना? मग मला फायदाच नाही का?

साध्या रोख्यात आहे. दहा वर्षांचा ८ टक्क्यांचा साधा रोखा घ्या. बाजाराचा दर ८ वरून ६ वर आला तर भाव १०० वरून ११४.७२ होतो. दर १० वर गेला तर ८७.७१. वर जाताना जवळजवळ १५ मिळतात, खाली येताना १२ जातात. उताराचं पारडं तुमच्या बाजूनं झुकतं.

हाच रोखा लवकरच १०० ला कॉल होणारा असेल तर दर ६ झाला तरी त्याला ११४ कोण देईल? उद्या कंपनी १०० हातावर ठेवणार. भाव १०० च्या थोडा वर जाऊन अडकतो. दर १० झाला की मात्र तो साध्या रोख्याबरोबर ८७-८८ कडे घसरतो, कारण आता कॉल होण्याची आशा नाही. वर छत आहे, खाली जमीन नाही. या वाकड्या वागण्याला निगेटिव्ह कॉन्व्हेक्सिटी म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, छत लक्षात ठेवा.

आणि दर चढले तर?

तर पैसे अडकतात. तीन वर्षांत परत येतील असं धरलेला रोखा दहाही वर्षं हातात राहतो. मार्च २०२२ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, दर ० ते ०.२५ टक्के होता. जुलै २०२३ पर्यंत तो ५.२५ ते ५.५० वर गेला. शून्याजवळच्या काळात काढलेले कॉलेबल रोखे ज्यांनी 'वर्षा-दोन वर्षांत परत येईल' म्हणून घेतले होते, त्यांच्यासाठी ते अचानक पाच-दहा वर्षांचे झाले, तेही तुटपुंज्या व्याजाचे.

म्हणजे दर उतरले तर पैसा नको तेव्हा परत येतो, चढले तर हवा असतो तेव्हा येत नाही. पहिल्याला पुनर्गुंतवणुकीची जोखीम म्हणतात, दुसऱ्याला मुदतवाढीची. दोन्ही एकाच कलमातून येतात आणि दोन्हीकडे निर्णय समोरच्याचा.

बँकेचा पर्पेच्युअल रोखा आहे. पाच वर्षांनी कॉल होणारच, असं सगळे म्हणतात.

'होणारच' असं माहितीपत्रकात कुठे लिहिलंय, ते दाखवायला सांगा.

पर्पेच्युअलला मुदतच नसते, म्हणून पहिली कॉल तारीख हीच जणू मुदत असं धरून लोक घेतात. बऱ्याचदा बँका कॉल करतातही, कारण न केल्यास बाजारात नाव खराब होतं. पण नाव राखायची किंमत फार वाढली की हिशेब बदलतो. डिसेंबर २००८ मध्ये जर्मनीच्या डॉइश बँकेनं १०० कोटी युरोचा दुय्यम (बँक बुडाली तर इतर देणेकऱ्यांनंतर पैसे मिळणारा) रोखा कॉल करणार नाही असं जाहीर केलं आणि बाजार दचकला. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पेनच्या सॅन्टांडेर बँकेनं १५० कोटी युरोचा पर्पेच्युअल रोखा पहिल्या तारखेला परत घेणार नाही असं सांगितलं. दोन्ही बँका फेडायला असमर्थ नव्हत्या. हक्क होता, कर्तव्य नव्हतं.

या प्रकारात कॉलपेक्षा मोठीही एक जोखीम आहे. बँक संकटात आली तर हे रोखे पूर्ण शून्य करता येतात. मार्च २०२३ मध्ये क्रेडिट स्विसचे सुमारे १,६०० कोटी स्विस फ्रँकचे एटी-१ रोखे (बँकेच्या भांडवलात धरले जाणारे पर्पेच्युअल रोखे) असेच शून्यावर आणले गेले, आणि समभागधारकांना मात्र थोडंफार मिळालं. त्यामुळे अशा रोख्याचं ८-९ टक्के व्याज बघताना त्यातला किती भाग कॉलचा आणि किती या धोक्याचा, हे वेगळं करून बघावं लागतं.

व्याजदर जागेवरच आहेत, तरी रोखा कॉल झाला. असं कसं?

कंपनीची पत सुधारली असेल. पतमानांकन वर चढलं की तिला तेच कर्ज कमी व्याजानं मिळतं, बाजाराचे दर हलले नसले तरी. कमी मानांकनाच्या रोख्यांत हे वारंवार दिसतं आणि त्याचा एक चिडवणारा परिणाम होतो. ज्या कंपन्यांवर तुमचा अंदाज बरोबर ठरला त्या पैसे परत करून निघून जातात. चुकला त्या तुमच्याकडे राहतात. अशा रोख्यांचा पोर्टफोलिओ काही न करता हळूहळू कमकुवत होत जातो.

याउलट, दर थोडे उतरले म्हणून कॉल लगेच होतो असंही नाही. नवा रोखा काढायला खर्च येतो, वकील, मर्चंट बँकर, कॉल प्रीमियम. वाचणारं व्याज या खर्चाच्या वर गेलं तरच फेरकर्ज परवडतं.

मेक-होल कॉल म्हणजे?

यात परत घेताना उरलेल्या सगळ्या कूपनांची आणि मुद्दलाची आजची किंमत मोजून द्यावी लागते. सरकारी रोख्याच्या दरावर थोडी ठरलेली भर घालून त्या दरानं ती काढतात. दर उतरलेले असले की ही रक्कम फुगते, म्हणून निव्वळ व्याज वाचवायला कंपनी हा कॉल वापरत नाही. गुंतवणूकदाराला याचा त्रास फारसा नाही. यादीत 'कॉलेबल' शिक्का दिसला म्हणून घाबरू नका, आधी प्रकार बघा.

स्टेप-अप रोख्यात व्याज दर काही वर्षांनी वाढत जातं. हा तर उत्तम सौदा वाटतो.

पहिली तीन वर्षं ६, मग ७, मग ८.५. वेळापत्रक छान दिसतं. आता कॉलच्या तारखा त्याच्या शेजारी मांडा. बहुतेक वेळा व्याज वाढायच्या बरोबर त्याच दिवशी कॉल असतो. वाढीव व्याज देणं कंपनीला परवडत असेल, म्हणजे बाजारात त्याहून जास्त मागत असतील, तरच तुम्हाला ८.५ मिळणार. त्या दिवशी इतर रोखे त्याहून बरे असतील. वरच्या पायऱ्यांची सरासरी काढून दाखवलेला परतावा मी सरळ बाजूला ठेवतो.

प्रीमियमवर मिळणारा कॉलेबल कधीच घेऊ नये का?

असं काही नाही. कूपन चढं असलेला, भाव १०० च्या वर असलेला रोखा जवळच्या कॉल तारखेप्रमाणे हलतो, म्हणून दर चढायला लागले तरी त्याचा भाव सुरुवातीला कमी घसरतो. याला कुशन बाँड म्हणतात. यील्ड टू वर्स्ट तुम्हाला मान्य असेल तर असा रोखा अल्प मुदतीचा म्हणून चालतो. कॉल झाला नाही तर परतावा वाढतोच. चूक तेव्हा होते, जेव्हा १०६ दिले जातात ८ टक्क्यांच्या आशेवर.

'विशेष परतफेड' असं एक कलम आहे. ते काय?

करकायदा बदलला, नियामकानं रोख्याला भांडवल म्हणून मान्यता देणं थांबवलं, ज्या प्रकल्पासाठी पैसे उभे केले तो जळाला किंवा रद्द झाला, अशा वेळी कॉल प्रोटेक्शनच्या काळातही पैसे परत करता येतात. बहुधा १०० ला. घेताना १०६ दिले असतील तर ते ६ तिथेच गेले. सिंकिंग फंडही बघून ठेवा. त्यात ठरल्या वेळी थोडे-थोडे रोखे परत घेतले जातात आणि कुणाचे घ्यायचे ते सोडतीनं ठरू शकतं.

जास्तीचं व्याज पुरेसं आहे का, हे घरबसल्या कसं ओळखायचं?

व्यावसायिक लोक मॉडेल लावून ओएएस काढतात, म्हणजे कॉलच्या हक्काची किंमत वजा करून उरलेला सरकारी रोख्यावरचा फरक. घरी तेवढं जमणार नाही, आणि मॉडेलमधली व्याजदराची चढउतार किती धरली यावर उत्तर बदलतंही. साधा उपाय असा: त्याच कंपनीचा किंवा त्याच मानांकनाचा, सारख्या मुदतीचा साधा रोखा शोधा. फरक पाव टक्का असेल आणि कॉल वर्षभरात सुरू होणार असेल तर मी घेत नाही. फरक चांगला असेल आणि कॉल पाच वर्षं लांब असेल तर बोलणं पुढे सरकतं.

मग घ्यावा कुणी?

ज्याला पैसा तीन वर्षांनी आला तरी चालेल आणि दहा वर्षांनी आला तरी चालेल, त्यानं. निवृत्तीनंतर दरमहा ठरलेली रक्कम लागते किंवा अमुक साली शिक्षणाची फी भरायची आहे, अशा माणसाला तारीख महत्त्वाची असते. त्यानं साधा रोखा घेऊन थोडं कमी व्याज पत्करलेलं बरं. घ्यायचेच असतील तर सगळे एकाच वर्षी कॉल होणारे घेऊ नका. दर उतरले की सगळा पैसा एकाच महिन्यात परत येतो आणि तो महिना गुंतवायला वाईट असतो.

आणि पुटेबल?

उलट रोखा. मुदतीआधी पैसे परत मागायचा हक्क तुमचा, म्हणून व्याज कमी.

कॉलची नोटीस आली. आता काय करायचं?

आधी तारीख, कॉल प्राइस आणि त्या दिवसापर्यंतचं व्याज तपासा. सगळे रोखे जाणार आहेत की काहीच, तेही बघा. कॉलच्या तारखेनंतर व्याज थांबतं. रोखा डिमॅट असेल तर पैसे आपोआप खात्यात येतात, पण त्यासाठी नोंदवलेलं बँक खातं चालू असायला हवं. कागदी असेल तर तो जमा करेपर्यंत पैसे बिनव्याजी पडून राहतात, आणि पत्ता बदलल्यामुळे नोटीसच पोचली नाही अशी उदाहरणं असतातच. रोखा प्रीमियमवर घेतला असेल तर झालेला तोटा करात कसा दाखवायचा, हे विवरणपत्र भरण्याआधी विचारून घ्या. खरेदीची पावती तेव्हा लागेल.